बिनलग्नाचं रुखवत

लॉकडाउनसाठी कुणाला मुहूर्त शोधावा लागला नाही. 24 मार्च 2020 ला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी 21 दिवसांची घोषणा केली आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. पंचांग न उघडता काहीही सुरू करावं असा. नागपूरला तर त्याआधीच मान मिळाला होता. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथली जीवनावश्यक सोडून बाकीची दुकानं बंद करायला राज्य सरकारनं 20 मार्चलाच सांगितलं होतं. उपराजधानीला राजधानीच्या बरोबरीनं काही मिळत नाही, ही विदर्भाची जुनी तक्रार. कुलूप मात्र त्याच दिवशी आणि त्याच मापाचं मिळालं.

गाठी आणायला इतवारीच्या बाजारात जाणं शक्य नव्हतं, तेव्हा काही घरांत साखरेचा पाक चढला. गाठी गुढीऐवजी पातेल्यालाच चिकटल्या. पुढचे काही महिने शहरभर हातानं जे काही होणार होतं, त्याचा तो शकुन होता.

शाळेत कार्यानुभव नावाचा एक तास असायचा. गणिताच्या बाईंचा भाग मागं राहिला की त्या हाच तास मागून घेत. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ हा त्यातला हुकमी धडा: आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, दोसुतीवरचा मोर, फुटक्या बांगड्यांचं तोरण. मोर मावशीनं भरायचा आणि श्रेणी भाच्यानं घ्यायची, अशी रीत. त्यामुळे एप्रिलमध्ये बजाजनगरपासून नंदनवनपर्यंत चाळिशी-पन्नाशीतली माणसं कात्री घेऊन बसली, तेव्हा ती नवीन काही शिकत नव्हती. बुडालेला तास भरून काढत होती.

फक्त नावं बदलली होती. “काय करून राहिला बे?” असा मित्राचा फोन आला, की पूर्वी “काही नाही, बसून राहिलो” असं प्रामाणिक उत्तर मिळायचं. आता “मॅक्रमे करून राहिलो” असं उत्तर आलं, की पलीकडचा घाबरून विचारी, “ताप आहे का?” मॅक्रमे म्हणजे सुतळीच्या गाठी मारणं हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडे.

कलेपुढची खरी अडचण सामानाची होती. सीताबर्डीतली स्टेशनरीची दुकानं बंद. 20 एप्रिलपासून ऑनलाइन दुकानांना जीवनावश्यक नसलेला मालही विकता येईल, असं केंद्र सरकारनं जाहीर केलं आणि 19 एप्रिललाच ती सवलत मागं घेतली. डिंकाची बाटली टोपलीत टाकून बसलेले लोक टोपलीसकट तसेच राहिले. मग मैद्याची खळ शिजली. उरली रद्दी, तर तिच्यावरही संकट आलं. 18 एप्रिलला राज्य सरकारनं घरोघरी वर्तमानपत्र टाकायला मनाई केली. पत्रकार संघटना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेल्या, आणि तीनच दिवसांत सरकारनं मुंबई-पुण्याकडचा भाग वगळून ती मनाई उठवली. या काळात वाचकांना बातम्यांवाचून किती करमलं नाही हे सांगता येत नाही. कागदाची फुलं करणाऱ्यांचे मात्र हाल झाले. अग्रलेखाच्या पाकळ्या चांगल्या वळतात, असं त्यांचं मत होतं.

बाटल्यांचा प्रश्न नाजूक होता. बाटलीवर रंगकाम करायचं तर आधी बाटली हवी, आणि एप्रिलमध्ये दारूची दुकानं तर बंद. तरी समाजमाध्यमांवर रोज रंगीत बाटल्या झळकत होत्या. त्यांचा आकार पाहून सोसायटीतल्या अनुभवी मंडळींनी मूळ माल ओळखला. “सरबताची होती हो,” असा खुलासा येई. कलेनं माणूस व्यक्त होतो म्हणतात; इथं तर माळ्यावरचं सगळंच व्यक्त झालं.

या गडबडीत नागपूरची अस्सल हस्तकला मात्र कुणी फोटोत टाकली नाही. ती म्हणजे कूलर. या शहरात कूलर घरातल्या माणसासारखा असतो. उन्हाळ्याच्या तोंडी त्याची टाकी घासायची, जुना घास काढून नवा भरायचा, पंप बसला की मिस्त्रीला फोन करायचा. 2020 च्या उन्हाळ्यात मिस्त्रीही घरात आणि घासाचं दुकानही बंद. मे महिन्यात पारा 47 अंशांवर गेला, तेव्हा एरवी बल्ब बदलायला शिडी धरणारा माणूस शोधणारी मंडळी पंप उघडून बसली. घासाच्या जागी पोतं, तुटलेल्या जाळीला सुतळी, गळक्या टाकीला एम-सील. वर सूचनाही येत होत्या: एसी 24 ते 30 अंशांवर ठेवा, कूलरला बाहेरची हवा घेऊ द्या, खिडक्या उघड्या ठेवा. बाहेरची हवा 47 अंशांची आणि खिडकी उघडी, हे सूचना लिहिणाऱ्यांनी बहुधा एसीत बसून लिहिलं असावं. पण कूलर चालले. टाकाऊपासून टिकाऊचा यापेक्षा चोख नमुना त्या वर्षी झाला नाही. त्याला लाइक मात्र शून्य.

गच्चीवरच्या वाळवणाचंही तेच. कुरडया, पापड, सांडगे, शेवया: आई आणि आजी हे हातानं पन्नास वर्षं करत आल्या, तेव्हा कुणी टाळी वाजवली नव्हती. त्या वर्षी जावयानं एक फुलदाणी रंगवली तर घरात तीन व्हिडिओ निघाले. त्यातल्या एकात मागं सासूबाई चिकवड्या घालताना दिसतात. त्या बाजूला सरकल्या असत्या तर फ्रेम चांगली आली असती, असं जावयाचं म्हणणं पडलं.

मास्कच्या बाबतीत शहराला मुळीच शिकवावं लागलं नाही. केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं घरगुती मास्क कसा करावा याची पुस्तिका काढली, आणि 14 एप्रिलला खुद्द पंतप्रधान गमछा गुंडाळून दूरचित्रवाणीवर आले. नागपूरच्या मुली ही विद्या केव्हाच पास झालेल्या. दर उन्हाळ्यात दुपट्टा असा बांधतात की स्कूटीवरून जाताना सख्खा बापसुद्धा ओळखणार नाही. कित्येकींचा हेतूही तोच. राज्यातल्या कारागृहांत कैदीही मास्क शिवत होते. बंद दाराआड वेळ कसा घालवावा याचा शहाणपणा खरं तर त्यांनाच विचारायला हवा होता. पण एप्रिलमध्ये संसर्गाच्या भीतीनं राज्यातले काही तुरुंगही ‘लॉकडाउन’ झाले. कुलपाला कुलूप घालण्याची ही कारागिरी सरकारची.

सरकारची दुसरी कारागिरी त्याहून बारीक होती. 1952 साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झालं. कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या प्रमुख होत्या. साऱ्या देशाचे हात खळीनं बरबटलेले असताना, ऑगस्ट 2020 च्या पहिल्या आठवड्यात, हे मंडळ बरखास्त झालं. त्याच्या आठवडाभर आधी हातमाग मंडळ गेलं होतं. आणि 7 ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिनी सरकारनं मोहीम काढली: ‘व्होकल फॉर हॅंडमेड’. हातानं केलेल्या वस्तूंबद्दल तोंडानं बोलायचं. मंडळांना हे कधी जमलं नव्हतं. ती बिचारी सल्ले देत बसली होती.

ज्यांचं पोट हातावर, त्यांचं काय चाललं होतं हे चितार ओळीत दिसत होतं. नागपुरातली ही मूर्तिकारांची जुनी वस्ती. जुलैत राज्य सरकारचे नियम आले: सार्वजनिक गणपती 4 फुटांपर्यंत, घरचा 2 फुटांपर्यंत. प्लास्टर ऑफ पॅरिसवरची बंदी मे महिन्यात आली आणि मग वर्षभरासाठी पुढं ढकलली गेली. उंचीही सरकार ठरवणार आणि मातीही, मूर्तिकारांनी फक्त डोळे काढायचे. इकडे घरोघरी ऑनलाइन वर्गात शाडू मळला जात होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण त्या वर्षी इतक्या पाटांवर खरी ठरली की गुरुजींनीही व्हिडिओ कॉलवर पूजा सांगताना मूर्तीकडे फार निरखून पाहिलं नाही.

त्याच ऑगस्टमध्ये, गणेशचतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी, मारबतीचा दिवस आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी ही मिरवणूक नागपूरखेरीज कुठं सहसा दिसत नाही. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. बांबू, कागद, माती, रंग, जुनी लुगडी यांतून भल्या थोरल्या बाहुल्या उभ्या राहतात, इतवारी-महालच्या गल्ल्यांतून फिरतात, आणि खोकला, रोगराई, इडापीडा सगळं घेऊन जा, अशी आरोळी देत लोक त्यांना शहराबाहेर नेऊन जाळतात. सोबत बडगे असतात: महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी डोक्यात गेलेला पुढारी, सगळ्यांचे पुतळे. उपहासात्मक सदर लिहिणाऱ्यांचे हे थेट पूर्वज. फक्त त्यांचं लिखाण वाचून झाल्यावर जाळतात, रद्दीत घालत नाहीत.

तर खोकला आणि रोगराई हाकलण्यासाठी नागपूरनं जवळजवळ 140 वर्षं हातानं केलेली ही एकच वस्तू. आणि खोकला खरोखर जगभरचा झाला, त्याच वर्षी तिच्या मिरवणुकीला परवानगी मिळाली नाही. गर्दी टाळायची होती, आणि ते बरोबरच होतं. लहान मुलांचा तान्हा पोळाही त्याच दिवशी. लाकडी बैल झूल, बाशिंगं घालून दिवाणखान्यात सोफ्यापासून टीव्हीपर्यंत ओढले गेले. बोजाऱ्याचे पैसे द्यायला शेजारी येऊ शकले नाहीत, तर ते काही पोरांनी मोबाइलवर घेतले. ही कला मात्र त्यांना कुणी शिकवावी लागली नाही.

मार्च 2021 मध्ये, 15 ते 21 तारखेपर्यंत, नागपुरात पुन्हा कडक टाळेबंदी लागली. या वेळी रंगाच्या बाटल्या कुणी काढल्या नाहीत. एप्रिलमध्ये घराघरातून फोन चालले होते ते खाटांसाठी आणि प्राणवायूच्या सिलिंडरसाठी. त्या महिन्यांवर विनोद होत नाही.

त्याच एप्रिलमध्ये लग्नासाठी नियम आला: 25 माणसं, दोन तास. पंगत गेली, वरात गेली, आणि रुखवत मांडायला टेबल असलं तरी ते पाहायला वऱ्हाड उरलं नाही. एरवी रुखवतात मुलीच्या मावश्यांनी केलेली सप्तपदीची सुपारीची जोडपी, मोत्यांचा गणपती, पुठ्ठ्याचं देऊळ हे सगळं पाहून वरमाईनं “छान केलंय हो” म्हणायचं असतं आणि मग ते सगळं कायमचं माळ्यावर जायचं असतं. वर्षभर घरोघरी जे साठलं होतं, त्याचं कुळ हेच होतं. फक्त लग्न नव्हतं आणि वरमाईही नव्हती.

2022 च्या ऑगस्टमध्ये मारबत पुन्हा निघाली. त्याच दिवसांत प्रतापनगरच्या एका घरात गणपतीआधीची आवराआवर सुरू झाली आणि माळ्यावरून एक टोपलं भरून रंगवलेल्या बाटल्या खाली आल्या. भंगारवाल्यानं एक उचलली, उन्हात धरली, नखानं सोनेरी रंग खरवडून पाहिला.

“साधी असती तर घेतली असती,” तो म्हणाला, “हिला रंग लावून ठेवला ना बाप्पा तुम्ही.”

आणि टोपलं जसंच्या तसं माळ्यावर गेलं.