शेडनाना

आमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की महिन्याभरात त्यातलं कोणीतरी नानांच्या दारात उभं राहून पार्किंगच्या पत्र्याचं कोटेशन मागतं. चूक त्यांची नसते. अख्खी सोसायटी ज्यांना ‘शेडनाना’ म्हणते त्यांचा पत्र्याचा धंदा असणार, असंच कोणालाही वाटेल. नाना रागावत नाहीत. आत बोलावतात, खुर्ची देतात आणि म्हणतात, “कोटेशन म्हणालात ते बरं केलंत. एस्टिमेट म्हणाला असतात तर पंचाईत होती. एस्टिमेट म्हणजे अंदाज, उद्या वाढला तर बोलायची सोय नाही. कोटेशन म्हणजे आकडा दिला तो दिला. शेड वेगळी आहे!” पाऊण तासाने माणूस बाहेर पडतो. पत्रा मिळालेला नसतो, पण नाव कशावरून पडलं ते कळलेलं असतं.

नानांची सगळी नोकरी एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात गेली. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी त्यांच्या मसुद्यातलं ‘बिगिन’ हिरव्या शाईने खोडून वर ‘कमेन्स’ लिहिलं. दुसरा कोणी असता तर मुकाट्याने टाईप करून मोकळा झाला असता. नानांनी तीन दिवस कोश चाळले आणि चौथ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की, सर, पॉलिसी कमेन्स होते हे बरोबर, पण या वाक्यात कमेन्स होणारं काही नाही, इथे नुसता कामाचा आठवडा सुरू होतोय, त्याला बिगिन पुरे. साहेबांनी त्यांची बदली डिस्पॅचला केली. तिकिटं चिकटवता चिकटवता नानांनी या प्रकरणाचं मूळ शोधून काढलं ते थेट १०६६ सालात. त्या वर्षी नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडात घुसला आणि इंग्रजांच्या घरात शब्दांच्या दोन चुली झाल्या. गोठ्यात उभी होती ती ‘काऊ’च राहिली, फ्रेंच बोलणाऱ्या धन्याच्या ताटात गेली ती ‘बीफ’ झाली. ‘बिगिन’ घरचं, ‘कमेन्स’ सासरहून आलेलं. “आमचे साहेब नॉर्मन पार्टीचे होते,” एवढं बोलून नाना त्या साहेबांचा विषय संपवतात.

विम्याच्या शब्दांवर त्यांचा हात अजून बसलेला आहे. त्यांच्यासमोर चुकूनही ‘अमुक काका एक्स्पायर झाले’ म्हणू नये. “एक्स्पायर पॉलिसी होते. मुदत संपली, एक्स्पायर. हप्ता थकला, लॅप्स. काकांची मुदत कोणी ठरवली होती?” मग काय म्हणायचं, असं विचारलं तर म्हणतात, “डाय. आमच्याकडे चाळीस वर्षं डेथ क्लेमच आले. पासिंग अवे क्लेम एकही आला नाही.” हे त्यांनी एका दहाव्याला, घाटावर, सुतकातल्या माणसाला सांगितलं आहे. मी तिथे होतो.

टेबलावर खाकी कव्हर घातलेला रोजेचा थिसॉरस असतो. रोजे मूळचा डॉक्टर. सत्तरी ओलांडल्यावर, १८५२ साली, त्याने इंग्रजी शब्द अर्थाप्रमाणे हजार खणांत लावून छापले. नानांच्या मते या पुस्तकाचा जेवढा दुरुपयोग झाला तेवढा जगात कशाचाच झाला नसेल. लोक खण उघडतात आणि त्यातला सगळ्यात जड शब्द उचलून अर्जात घालतात. “अहो, त्याने शब्द शेजारी बसवले. पंगतीत शेजारी बसला म्हणून तो सख्खा भाऊ होतो का?”

शिकवायची हौस दांडगी, आणि खरं सांगायचं तर शिकवतात फर्मास. ‘कंटिन्युअल’ आणि ‘कंटिन्युअस’ यांतला फरक मला शाळेत कधी कळला नव्हता. नानांनी एका वाक्यात सांगितला: “पुण्याचा पाऊस कंटिन्युअल, थांबून थांबून येत राहतो. रत्नागिरीचा कंटिन्युअस, खंडच नाही.” तसंच ‘आन्सर’ आणि ‘रिप्लाय’चं. सरकारी कचेरीला पत्र लिहिलं की रिप्लाय येतो, आन्सर येत नाही. हे ऐकल्यापासून मी माझी मालमत्ता कराची फाईल वेगळ्या नजरेने पाहतो.

अडचण होते ती शब्द प्रत्यक्ष कागदावर उतरवायचा असतो तेव्हा. गेल्या उन्हाळ्यात टाकी धुवायची होती. सेक्रेटरी मी. दोन-तीन भाडेकरू परप्रांतातले, म्हणून नोटीस इंग्रजीत काढायची ठरली आणि आदल्या संध्याकाळी मी मसुदा घेऊन नानांकडे गेलो. पाणी ‘स्टॉप्ड’ राहील, असं मी लिहिलं होतं.

“स्टॉप्ड म्हणजे थांबलं. परत येणार की नाही?”

“येणार की. दुपारी चारला.”

“मग सस्पेंडेड लिहा.” पेन उचललं, परत ठेवलं. “पण सस्पेंड म्हटलं की पाण्याने अफरातफर केल्यासारखं वाटतं. इंटरप्टेड? ते चालू असताना मधेच तुटलं तर. कर्टेल्ड म्हणजे बारीक धार येईल. येणार आहे का बारीक धार?”

नऊ वाजले. खाली मी गैरसोयीबद्दल ‘अपॉलॉजी’ लिहिली होती. ती पाहून नाना खुर्चीतून उठलेच. “ही मागे घ्या. अपॉलॉजी म्हणजे चूक आमची. रिग्रेट म्हणजे झालं ते वाईट झालं, कोणी केलं ते विचारू नका.” रस्ता खणून ठेवतात तिथल्या पाट्या मी तेव्हापासून वाचतो. खड्ड्याशेजारी कायम रिग्रेटच असतं. अपॉलॉजी मी अजून पाहिलेली नाही.

नोटीस सकाळी सात वाजता बोर्डावर लागली. शब्द ‘सस्पेंडेड’च. पाणी सहाला गेलं होतं. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून नोटीस वाचत होते. नाना त्यांना म्हणाले, “सस्पेंडेड आहे, म्हणजे येणार.”

काकूंना यातलं काही चालत नाही. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. पावसाळ्यात नानांच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून. नानांनी लगेच वरच्या मालकांना पत्र लिहायला घेतलं. ‘लीक’ लिहावं की ‘सीप’, ‘ऊझ’ की ‘ट्रिकल’, यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी काकूंनी प्लंबरला बोलावलं. तो ‘लिकेज आहे’ म्हणत पाईप उघडायला निघाला.

“पाईपला हात लावू नकोस,” काकू म्हणाल्या. “गळत नाहीये. ठिबकतही नाहीये. पाझरतंय. सकाळी वर आंघोळी झाल्या की दुपारी इथे हात ओला होतो.”

प्लंबरने भिंतीला तळहात लावला. “मग पाईप नाही काकू, वर फरशीचे सांधे गेलेत,” म्हणाला. काकू डब्यात अळूवड्या घेऊन वर गेल्या, अर्ध्या तासात परवानगी घेऊन आल्या, आणि दोन दिवसांत सांधे भरून झाले. हे सगळं चालू असताना नाना टेबलाशी बसून होते. मी सहज म्हटलं, “नाना, गळणं, ठिबकणं, पाझरणं. शेड वेगळी आहे की!” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ते मराठी झालं,” म्हणाले. “त्यात काय बघायचं? ते येतंच.”

भिंत आता कोरडी आहे, रंगही लागला. पण रेकॉर्डसाठी पत्र हवंच, असं नानांचं म्हणणं. ‘सीपेज’वर त्यांनी शेवटी शिक्कामोर्तब केलं आणि पत्र अडलं ते शेवटच्या ओळीत: वरच्यांना ‘रिक्वेस्ट’ करावी की इंग्रजीतलं ‘अर्ज’ करावं. अर्जमध्ये म्हणे थोडा धक्का असतो.

वरच्यांनी फ्लॅट गेल्या महिन्यात विकला.