फिल्टरला टपली

हौशी सुताराचा लाकडाशी संबंध येतो तासभर आणि भुश्शाशी दिवसभर. लाकूड ठेवलं तिथे राहतं. भुसा देवघरातल्या निरांजनात सापडतो, वाळत घातलेल्या आमसुलांवर बसतो आणि मांजराच्या पाठीवरून शेजाऱ्यांकडेही जाऊन येतो. आमच्या नागावात, म्हणजे अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला, निवृत्त माणसाने मागच्या पडवीत काहीतरी खुडबुड करत बसावं अशी घरच्यांचीच इच्छा असते. फक्त ती खुडबुड स्वयंपाकघरात येता कामा नये. लाकूडकामात ही अट पाळायची तर एक तर छंद बदलावा लागतो, नाहीतर व्हॅक्यूम क्लीनर आणावा लागतो. मी व्हॅक्यूम आणला.

लाकडाची तशी ददात नव्हती. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि इकडून श्रीवर्धनपर्यंत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळी-पोफळी गेल्या त्याचं दुःख मोठं, त्यांच्यावर घरं चालत होती. आंबे-फणस पडले त्यांच्या निदान फळ्या तरी झाल्या, आणि त्या फळ्या कोणाकोणाच्या माळ्यावर अजून पडून आहेत. फणस म्हणजे पाटांचं, देव्हाऱ्यांचं, दाराच्या चौकटींचं लाकूड. त्याचा भुसा पिवळाधमक. ब्रह्मदेश-थायलंडकडचे बौद्ध भिक्षू फणसाच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून त्या पाण्यात चीवरं रंगवत आले आहेत. आमच्याकडे हा रंग न उकळताच चादरींवर उतरला, आणि त्यावर घरात जे बोललं गेलं त्यात बौद्ध शांतीचा अंश नव्हता.

तर व्हॅक्यूम. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर घेतला, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरवला. पहिल्या दिवशी त्याने चुका, सालपटं, जाडा भुसा, पेन्सिलीचं थोटूक असं समोर येईल ते ओढलं. मग सँडर लावला, आणि चहा होईपर्यंत त्याची ओढ संपली. नळीच्या तोंडाला तळहात धरला तर तळहाताला काही पत्ताच नाही. आवाज मात्र चढलेला. चोंदलेला व्हॅक्यूम इथेच फसवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारा जिवाच्या आकांताने जोर लावतोय. खरी गोष्ट उलटी असते. आत हवाच येत नाही म्हटल्यावर पंख्याला ढकलायला काही उरत नाही, मोटरवरचं ओझं उतरतं, ती अधिक वेगाने फिरते आणि सूर वर जातो. उभी हयात कचेरीत गेलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटावं. ज्याच्या टेबलावर काम नसतं त्याचाच आवाज सगळ्या मजल्यावर ऐकू येतो.

झाकण काढून बघितलं. एरवी या कागदी फिल्टरला साडीच्या निऱ्यांना लाजवतील अशा बारीक चुण्या असतात. आता चुण्या दिसतच नव्हत्या. दोन चुण्यांमधल्या सगळ्या फटी पिठासारख्या धुळीने काठोकाठ भरून गुळगुळीत पिवळा दंडगोल झाला होता. नखाने ओरखडा काढला तर पापुद्रा सुटून खाली पडला आणि त्याखाली कागदाचा मूळ पांढरा रंग नखाएवढा दिसला. बाकी सगळा फणस.

फिल्टरचं शास्त्र थोडं विचित्र आहे. नवा कोरा फिल्टर तितकासा चांगला गाळत नाही. त्याच्यावर धुळीचा पहिला पातळ थर बसला की तो थरच अधिक बारीक धूळ अडवू लागतो, म्हणजे थोडी धूळ लागल्यावरच फिल्टर कामाचा होतो. मग तोच थर जाड होत जातो आणि शेवटी हवेलाही अडवतो. त्यामुळे फिल्टर चोंदला म्हणून त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. त्याने नेमून दिलेलं काम केलेलं असतं, जरा जास्तच मनापासून. व्हॅक्यूमचा जन्मही गाळण्यापासूनच झालेला आहे. 1901 साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं. फुंकण्यापेक्षा ओढून घ्यावी असं त्याच्या मनात आलं, म्हणून एका उपाहारगृहातल्या मखमली खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड टेकलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागून जीव जायची वेळ आली, पण रुमालावर काळा डाग उमटला. बूथ खूश. उपाहारगृहाच्या मालकाने या डागाकडे कसं पाहिलं असेल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

आपल्याला यासाठी लंडनला जायची गरज नव्हती. पिठाच्या गिरणीत दळण घेऊन गेलेल्या प्रत्येकाने फिल्टर पाहिलेला आहे. गिरणीच्या तोंडापासून आपल्या डब्यापर्यंत लोंबणारी ती कापडाची बाही असते ना, ती जात्यातून येणारी हवा बाहेर सोडते आणि पीठ आत ठेवते. दळण चालू असताना ती टम्म फुगते. गिरणीवाला एका हाताने पुढच्या गिऱ्हाईकाचा डबा ओढतो आणि दुसऱ्या हाताने, न बघता, तिला एक टपली मारतो. कापडाला आतून चिकटलेलं पीठ भसकन खाली येतं आणि बाही पुन्हा श्वास घेऊ लागते. मोठ्या कारखान्यांत फिल्टरच्या पिशव्यांवर आतून हवेचे झटके मारून हेच साधतात आणि त्यासाठी दाबाची हवा, झडपा, वेळापत्रक असा सरंजाम ठेवतात. गिरणीवाल्याची भुवई पांढरी होते, एवढाच खर्च.

मीही टपली सुरू केली. दर थोड्या वेळाने यंत्र बंद करायचं, वरच्या झाकणावर हाताने चार थापा द्यायच्या, धूळ डब्यात पडू द्यायची. उपयोग होतो. फिल्टरवर जुन्या मलमलीच्या पंचाचा तुकडा ताणून बांधला तर आणखी होतो. जाडी धूळ मलमलीवर थांबते, मलमल झटकता येते, धुता येते, फाटली तर दुसरा पंचा असतो. कागदी फिल्टरला मात्र ब्रशने खसाखसा घासू नये, की कॉम्प्रेसरची हवा अगदी जवळून मारू नये. कागदाला न दिसणारी भोकं पडतात, मग फिल्टर कधीच चोंदत नाही आणि आपण खूश असतो. धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येत असते, पूर्वीपेक्षा बारीक होऊन.

पण खरा इलाज फिल्टरपाशी नाहीच, त्याच्या आधी आहे. रायगड हा भाताचा मुलूख. भाताच्या जुन्या गिरण्यांवर आणि लाकडाच्या वखारींवर पत्र्याचं एक मोठं नरसाळं बसवलेलं दिसतं, वर रुंद, खाली निमुळतं. तुसाने किंवा भुश्शाने भरलेली हवा त्यात मधोमध न सोडता कडेने सोडतात. ती गरगर फिरते, जड कण बाहेर फेकले जाऊन पत्र्याला घासतात, वेग गमावतात आणि घसरत खाली येतात. हलकी झालेली हवा मधून वर निघून जाते. यात जाळी नाही, कापड नाही, चोंदायला काहीच नाही. याचं पहिलं पेटंट 1885 सालचं, अमेरिकेतलं. पुढे जेम्स डायसन या इंग्रजाला आपल्या व्हॅक्यूमची पिशवी सारखी चोंदते याचा राग आला आणि लाकडाच्या वखारीवरचं असंच नरसाळं पाहून त्याने तेच घरातल्या यंत्रात बसवायचं ठरवलं. जमेपर्यंत 5,127 नमुने झाले, आणि त्याच्या नावाचा पहिला व्हॅक्यूम बाजारात आला 1993 मध्ये. चोंदलेल्या पिशवीचा राग इतकी वर्षं धरून ठेवायला विशेष स्वभाव लागतो. आपण पिशवी बदलतो.

या नरसाळ्याला सायक्लोन म्हणतात. हातभर उंचीचं प्लास्टिकचं मिळतं. डिस्टेंपरच्या 20 लिटरच्या रिकाम्या बादलीच्या झाकणावर ते बसवायचं, एक नळी सँडरकडे, दुसरी व्हॅक्यूमकडे. थोरल्या चक्रीवादळाने पाडलेल्या फणसाचा भुसा असा आमच्या पडवीत धाकट्या चक्रीवादळातून बादलीत उतरू लागला. दिवसाच्या अखेरीला बादलीत पाव उंचीचा भुसा आणि व्हॅक्यूमच्या डब्यात जेमतेम मूठभर पूड. अगदी बारीक, मायक्रॉनमध्ये मोजावी अशी धूळ नरसाळ्याला दाद देत नाही, ती फिल्टरपर्यंत जातेच. पण तेवढी त्याला झेपते. दोन गोष्टी सांभाळायच्या. बादली काठोकाठ भरू द्यायची नाही, नाहीतर पुढचा सगळा भुसा थेट फिल्टरवर जातो. आणि बादली जाड घ्यायची, कारण नळी कुठे अडली की पातळ बादली धाडकन आत बसते. तो आवाज दुपारी झोपलेल्या घरात झाला तर बादलीचं काय झालं हे कोणी विचारत नाही.

अलिबागला हे शहाणपण जुनंच आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालत. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने नाजूक यंत्रांची नोंद बिघडणार हे उघड होतं. संचालक नानाभाई मूस यांनी बिघडलेल्या नोंदीतून ट्राम गाळून काढायच्या भानगडीत न पडता वेधशाळाच खाडीपलीकडे हलवली. अलिबागला 1904 मध्ये काम सुरू झालं, 1906 पर्यंत दोन्हीकडे जोडीने नोंदी घेऊन ताळा बघितला, आणि विजेची ट्राम मुंबईत धावली ती 1907 साली. अलिबागची ती इमारत लोखंड टाळून बांधलेली आहे. त्रास यंत्रापर्यंत पोचायच्या आतच वेगळा करायचा, हे तिथे आधी झालं आणि आमच्या बादलीत नंतर.

आमच्याकडे अधूनमधून येणारे मिस्त्री तर याच्याही मागे जातात. नरसाळं, बादली, दोन नळ्या असा थाट त्यांनी हातातली तंबाखू मळून होईपर्यंत पाहिला.

"काका, एवढं पीठ पडतंय कशानं?"

"सँडरनं."

"रंध्याचं पातं नीट लावा. पेपर मारायला उरतंच किती मग?"

त्यांनी रंधा उलटा धरून एक डोळा मिटला, पात्याला पाचरीने हलकेच ठोकलं आणि फळीवरून एक हात मारला. पारदर्शक, लांबलचक सालपट वळत वळत बाहेर आलं आणि जमिनीवर पडलं. हवेत काही नाही. रंधा सालपटं काढतो, पॉलिश पेपर पीठ काढतो, आणि फिल्टर चोंदतो तो पिठाने. हे इतकं सरळ होतं की मला यंत्र परत करावंसं वाटलं, पण पावती सापडेना.

मिस्त्रींच्या घरी भुसा टाकायची वस्तूच नव्हती कधी. त्यांची आई भुश्शाच्या शेगडीवर रांधायची. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवतीने भुसा ठासून भरायचा, बाटली फिरवत अलगद काढायची. मध्ये पोकळी राहते, खाली बाजूला भोक, तिथून पेटवलं की सगळा स्वयंपाक होईपर्यंत न फुंकता जळत राहते. गोठ्यात अंथरायला भुसा, मासळीच्या बर्फाच्या लाद्या झाकायला भुसा. 1833 साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून कलकत्त्याला जहाजातून बर्फ आला तोही भुश्शात. सुमारे 180 टन निघाला, 100 टनांच्या आसपास पोचला, तोही चार महिन्यांच्या प्रवासानंतर आणि दोनदा विषुववृत्त ओलांडून. आम्ही बादलीतला भुसा आता सुरणाच्या वाफ्यात पसरतो. घरात त्याबद्दल मला पहिल्यांदा चांगलं बोललं गेलं, सुरणाच्या निमित्ताने.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. धुता येणारा फिल्टर म्हणून जो मिळतो तो धुता येतो हे खरं, पण तो वाळवायचा आपल्यालाच असतो. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, दोरीवरचे पंचे चार चार दिवस ओलसर राहतात. निऱ्यानिऱ्यांचा फिल्टर वरून कोरडा दिसतो आणि आत दमट असतो. तसाच बसवला की पहिल्या पाच मिनिटांत धुळीचा लगदा होऊन तो कायमचा बसतो. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत प्लॅस्टरच्या मूर्तींना पॉलिश पेपर मारतात. तिथली पूड लाकडाहून बारीक, आणि ओलाव्याने ती दगडासारखी घट्ट धरते. धुवायचे फिल्टर मे महिन्यात धुवून घ्यावेत, दोन दिवस सावलीत वाळवावेत, आणि पावसाळाभर फक्त टपलीवर भागवावं.

शेवटी एक गंभीर गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात घातलं, म्हणजे जिच्यामुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे अशा गोष्टींच्या गटात. इंग्लंडमध्ये फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या हाय विकम भागातल्या कामगारांना नाकाच्या पोकळीचा एक एरवी दुर्मीळ कर्करोग होतो, हे तिथल्या डॉक्टरांच्या 1960 च्या दशकातच लक्षात आलं होतं. आपले सुतार आयुष्यभर ही धूळ गिळतात आणि संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की घसा साफ होतो असं मानतात. गुळाने तसं काही होत नाही आणि तोंडावर बांधलेल्या रुमालातून सँडरची बारीक पूड सरळ आत जाते. करोनाच्या वेळचे एन-95 मास्क न वापरता कपाटात पडून असतील, तर ते काढा. एक स्वतः लावा आणि एक तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मिस्त्रींना द्या. ते नको म्हणतील. तरी द्या.