स्कॅनरमुखी बिल वदवणाऱ्या मेकॅनिकसाहेबांस

न्यू जर्सीच्या तमाम गॅरेजांतल्या पार्टबदलू मेकॅनिकसाहेबांस, सा. न. वि. वि.

ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, तुम्ही स्कॅनरमुखी बिलं वदवता. ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला, स्टिअरिंगखाली स्कॅनर खुपसला, पी-०४४२ हा कोड उमटला, की झालं तुमचं निदान! खरं तर त्या कोडाचं म्हणणं एवढंच असतं, की पेट्रोलच्या वाफा कोंडून ठेवणारी यंत्रणा कुठंतरी गळतेय आणि भोक साधारण एक मिलिमीटरचं आहे. पी-०४५६ आला तर त्याच्याही निम्मं. कुठं गळतेय, हे तो सांगत नाही. टाकीचं झाकण, नळ्या, सांधे, वाफा शोषणारा कोळशाचा डबा, पर्ज व्हॉल्व्ह, व्हेंट व्हॉल्व्ह असे संशयित ढीगभर. तुम्ही आधी झाकण बदलता, मग पर्ज व्हॉल्व्ह, आणि गिऱ्हाईक तरीही परत आलं की थेट डबा. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठानं पेट्रोल भरायच्या नळीचं तोंड गंजून खरबरीत झालं असेल, तर त्यावर कोरं करकरीत झाकण लावलं तरी त्याचं रबर बसणार कशावर? यंत्रणेत हलक्या दाबानं धूर सोडला असता, तर तो नेमका त्या गंजातून वर आला असता.

तुम्ही म्हणाल, झाकण स्वस्त, आधी तेच बघावं. बघा ना! पण बघणं वेगळं आणि बदलणं वेगळं. तुम्ही म्हणाल, धुराच्या तपासणीचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं. इथं मात्र तुमची कीव येते. खोक्यातून निघालेल्या पार्टचे पैसे लोक हसत देतात, डोकं चालवल्याचे मागितले की त्यांना लूट वाटते. त्यात गळती शोधायला गाडी स्वतः घेते ती चाचणीही लहरी: इंजिन गार हवं, टाकी फार भरलेली नको, फार रिकामीही नको. म्हणजे दुरुस्ती खरंच झाली का, हे कळायला कित्येक दिवस. तोवर तुम्ही कोड पुसून मोकळे. दिवा विझतो, भोक तसंच राहतं, आणि गाडी तर मस्त पळतेच, म्हणून कुणी बोंबलत नाही. पण त्या भोकातून सुटणाऱ्या वाफा उन्हात वाहनांच्याच धुराशी मिळून ओझोन तयार करतात, हे लॉस एंजेलिसच्या काळवंडलेल्या हवेवरून रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकातच दाखवलं होतं. १९९६ पासून अमेरिकी गाड्यांत गळतीवर हा पहारा बसवला तो काय तुमची झाकणं खपावीत म्हणून? (नोझल खटकन बंद झाल्यावरही पेट्रोल कोंबून डबा भिजवणाऱ्या पंपवाल्यांना वेगळं पत्र लिहीन. तुमच्या राज्यात गिऱ्हाइकाला स्वतः भरायची सोयच नाही, म्हणून दोष त्यांचाच.)

पुढच्या वेळी डबा बदललात, तर जुना गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि भोक कुठं होतं ते बोट ठेवून दाखवा.

कळावे, लोभ आहेच. तो वाढू नये, ही विनंती.