भुताला पाय नकोत

आठ वर्षांचं गिऱ्हाईक समोर बसलं की भल्याभल्या चित्रकारांची त्रेधा उडते. अटी तशा साध्याच. भूत भयंकर हवं, दोस्तमंडळी दचकायला हवीत, पण दिवा मालवल्यावर ते आठवता कामा नये. शिवाय ते व्हिडिओ गेममधलं वाटायला हवं आणि जेवणाच्या आत पुरं व्हायला हवं. मानधनाचा विषय निघत नाही.

ठाण्यातल्या एका मामाने हे काम अंगावर घेतलं. मामा शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा पास झालेला, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. त्याने कवटी काढली, बरगड्या मोजून काढल्या, डोळ्यांच्या खोबणीत छान छाया दिली. भाच्याने कागद आडवा-उभा करून पाहिला.

‘‘मामा, हे सायन्सच्या पुस्तकातलं आहे.’’

भाच्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मुलांच्या खेळातलं भूत शरीरशास्त्रातून येतच नाही. 1980 साली जपानच्या नाम्को कंपनीत तोरू इवातानी नावाचा पंचविशीचा तरुण ‘पॅक-मॅन’ घडवत होता. तेव्हाच्या गेम पार्लरांत गोळीबाराचीच चलती होती आणि इवातानींना तिथे बायकांनीही यावं असं वाटत होतं. म्हणून त्यांची भुतं घंटेच्या आकाराची, खाली झालर आणि वर टपोरे डोळे. एरवी तोंडसुद्धा नाही. बुबुळं जिकडे, भूत तिकडे. एवढ्यावर खेळणाऱ्याला सगळं कळतं. इवातानी सांगतात की अध्यक्ष मासाया नाकामुरा यांना चारही भुतं लालच हवी होती. अखेर मतं घेतली गेली आणि रंगीबेरंगी भुतं जिंकली. साहेबांनी हट्ट सोडला, हीच या कथेतली सर्वांत अद्भुत घटना.

रंगाबरोबर स्वभावही वेगळे. लाल ब्लिंकी थेट मागे लागतो. गुलाबी पिंकी पॅक-मॅनच्या चार घरं पुढे नेम धरून वाट अडवायला बघते. नारिंगी क्लाइड मात्र लांबून त्वेषाने येतो आणि आठ घरांच्या आत पोचला की अवसान गळून आपल्या कोपऱ्याकडे वळतो. चाळीतल्या भांडणात ‘‘सोडा मला, बघतोच त्याला’’ म्हणणारा गृहस्थ कुणी सोडल्यावर जे करतो, तेच हे. सगळ्या भुतांना अधूनमधून कोपऱ्यात पाठवण्याची सोयही आहे. पहिल्या पातळीवर सुरुवातीला सात सेकंदांची. तेवढ्यात पोरानं श्वास घ्यावा. पॅक-मॅनने मोठी गोळी खाल्ली की हीच भुतं निळी पडून पळू लागतात, आणि खाल्लं गेलेलं भूत म्हणजे घराकडे धावत सुटलेले नुसते दोन डोळे. मरण इतकं निरुपद्रवी क्वचितच कुणी रंगवलं असेल.

पण भाच्याला हवा होता ‘बू’. 1988 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स 3’मधला हा गोल पांढरा गडी. मारिओने पाठ फिरवली की जीभ काढून मागे येतो, मारिओने वळून पाहिलं की हातांनी तोंड झाकून जागीच थांबतो. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी बूची जन्मकथा सांगितली आहे. सहकारी ताकाशी तेझुका यांची पत्नी अगदी शांत स्वभावाची. नवरा सदा कामावर म्हणून एक दिवस तिचा स्फोट झाला, आणि तेझुकांना त्यात भूत सापडलं. ते छापून आल्यावर घरी काय झालं, याची नोंद नाही.

मामाने वाटी पालथी घालून गोल काढला. दोन सुळे, लोंबती जीभ, हात म्हणून दोन ठोंबे, मागे छोटं शेपूट. सोपं वाटलं, पण डोळे जवळजवळ आले आणि बू उकडीच्या मोदकासारखा सात्त्विक दिसू लागला. खोडरबर चाललं, डोळे वर सरकले, भुवया आत झुकल्या. आता भाचा हसला आणि हसता हसता थोडा मागेही सरला. मामाला पावती मिळाली.

एवढ्यावर थांबला तर तो मामा कसला! जपानी भुतांना जुन्या चित्रांतूनही पाय नसतात, मग आपल्याकडची उलट्या पायांची हडळ गेममध्ये का नको, असं त्याच्या मनाने घेतलं. हिरवं लुगडं, मोकळे केस, टाचा पुढे आणि बोटं मागे. चित्र झकास उतरलं. भाच्याने मनातल्या मनात मारिओला तिच्यासमोर ठेवून पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

‘‘मामा, पण ही येतेय की जातेय?’’