बेहड्याचा काय दोष!

कोकणातली जुनी माणसं बेहड्याचं लाकूड जळणाला घरात येऊ देत नाहीत. नळराजाला छळणारा कली शेवटी बेहड्याच्या झाडात शिरला, अशी महाभारतातली कथा. तेव्हा ते लाकूड उंबऱ्याच्या आत आलं की घरात भांडणं लागतात, असा समज. आमच्या दापोलीकडच्या घरात बेहड्याची ढलपीसुद्धा कधी आलेली नाही. तरीही दर मे महिन्यात आम्ही सगळे मिळून जे करून दाखवतो, ते बघून कलीने आमच्याकडे शिकवणी लावावी.

थंड मुलखातले लोक हिवाळ्यासाठी सरपण भरतात, आम्ही पावसाळ्यासाठी. रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या सुमाराला, आगोट उरकायची असते. मसाला, पापड, सुकी मासळी ही आगोटीची शांत बाजू. जळण भरणं ही दुसरी. स्वयंपाकाला गॅस आहे, पण न्हाणीतला हंडा अजून चुलीवरच तापतो, आणि गणपतीत त्या हंड्यासमोर अख्खं खानदान पंचे घेऊन उभं असतं. सौर बंब बसवायची सूचना मुंबईचा चुलतभाऊ दरवर्षी करतो. कोकणातल्या श्रावण-भाद्रपदात सूर्य कुठून आणायचा, हे मात्र तो सांगत नाही.

पहिला वाद झाडाचा. ऐन, किंजळ, आंबा, फणस ही सगळी मंडळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत; परवानगीवाचून त्यांना हात लावता येत नाही. काकांना ही यादी आरतीसारखी पाठ आहे आणि कोणी कुऱ्हाड उचलली की ते ती म्हणायला लागतात. मग राहतं काय? काजूची छाटणी, वाऱ्याने पडलेल्या फांद्या, माडाच्या झावळ्या, सोडणं, करवंट्या. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं, तेव्हा बागाच्या बागा आडव्या झाल्या. लाकूडच लाकूड, पण सगळं ओलं. ओल्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचंच असतं. ते आधी स्वतःचं पाणी आटवतं, आपल्या पाण्याचं नंतर बघतं. त्या गणपतीत घरात धूर एवढा होता, की आरतीला डोळ्यांत पाणी आलं नाही असा एक भक्त सापडला नसता.

दुसरा वाद फोडण्याचा. चुलतभाऊ मोबाइलवर परदेशी माणसांचे लाकूडफोडीचे व्हिडिओ बघून येतो. पहिल्याच घावाला कुऱ्हाड गाठीत रुतते. मग तो ओंडक्यासकट कुऱ्हाड डोक्यावर उचलतो आणि खाली उभी असलेली सल्लागार मंडळी पांगते. पांगली तरी गप्प बसत नाही. “गाठीवर नको, कडेला मार,” आत्या पडवीतून सांगते. “आधी पाचर ठोक,” काका. “आधी चप्पल बदल,” काकू. हे सगळं ऐकून झाल्यावर गडी तंबाखू थुंकून उठतो, ओंडका फिरवतो, वाळताना पडलेली चीर शोधतो आणि तिच्यावरच घाव घालतो. ओंडका दुभंगतो. “मी हेच सांगत होते,” आत्या म्हणते.

तिसरा वाद रचण्याचा, आणि तो आंतरराष्ट्रीय आहे. २०१३ साली नॉर्वेच्या सरकारी टीव्हीने फक्त सरपणावर सलग १२ तासांचा कार्यक्रम दाखवला. त्यातला मोठा भाग म्हणजे नुसती जळती शेकोटी. लोकांनी तोही आवडीने पाहिला आणि तक्रारीही केल्या. अर्ध्यांचं म्हणणं, लाकडाची साल वर हवी होती; अर्ध्यांचं, खाली. हे वाचलं तेव्हा मला त्या देशाशी आपलं काहीतरी नातं असावं असं वाटलं. आमच्याकडे बाबा साल वर ठेवून रचतात, म्हणजे गळकं पाणी ओघळून जातं. काका साल खाली ठेवतात, म्हणजे पोट लवकर वाळतं. बाबा जेवायला गेले की काका रास फिरवतात, काका झोपले की बाबा. लाकडं दोन्हीकडून वाळतात ती यामुळेच. एकमत एवढ्यावरच, की खाली दगड हवेत, नाहीतर वाळवी लागेल, आणि जळण काढण्याआधी राशीवर काठी आपटायची, नाहीतर आत वेटोळं घालून बसलेलं फुरसं आपली वाट बघत असेल.

शेवटचा निकाल आजीचा. ती दोन लाकडं एकमेकांवर आपटते. टणटणीत आवाज आला तर सुकं, बद्द आला तर ओलं. बद्द आवाजाचं लाकूड कोणाच्या राशीतलं, हे ती मोठ्याने सांगते. अपिलाची सोय नाही.

मग गणपती येतात. मे महिन्यात ‘रजा मिळत नाही’ म्हणून न आलेले पुण्याचे मामा चतुर्थीच्या पहाटे सगळ्यांच्या आधी न्हाणीत शिरतात आणि निम्मा हंडा संपवतात. बाहेर रांग खोळंबलेली असते. गेल्या वर्षी आतून आवाज आला, “पाण्याला धुराचा वास येतोय हो!”

“मग गार घे,” आजी म्हणाली. त्यावर मात्र घरात कोणाचंही दुमत झालं नाही.