बुधवारे

न्यू जर्सीतल्या मराठी गोतावळ्यात एक तरी बुधवारे सापडतोच. खरं आडनाव काहीही असो. अमेरिकेत कॉमिक्सचे नवे अंक बुधवारी येतात, म्हणून हे बारसं. वय पन्नाशीचं, हुद्दा बरा, गुडघे कुरकुरणारे. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ भाड्याने आणून वाचलेला. इकडे आल्यावर ते वेड सुटलं नाही, फक्त डॉलरमध्ये गेलं.

बुधवारी ऑफिस सुटलं की गाडी दुकानाकडे वळते. तिथे त्याच्या नावाचा खोका असतो. त्याने सांगून ठेवलेले अंक दुकानदार त्यात बाजूला काढतो. बुधवारे एकेक अंक दिव्याखाली धरतो. कणा बघतो, पिना बघतो, चारही कोपरे बघतो. मग घरी येऊन हात धुतो, पुसतो, पुन्हा पुसतो आणि वाचायला बसतो. बत्तीस पानांत गोष्टीची जेमतेम वीस, बाकी जाहिराती. चार-पाच डॉलरचा ऐवज दहा मिनिटांत संपतो. मत मात्र शुक्रवारपर्यंत चालतं.

मताचा क्रम ठरलेला. मालिकेच्या पहिल्या अंकावर, ‘अजून काही कळत नाही.’ दुसऱ्यावर, ‘पहिल्याची मजा नाही.’ सहाव्यावर, ‘आता आवरा, बाबांनो.’ आणि मालिका खरंच आवरली की हाच माणूस कळवळतो, ‘चांगली चाललेली मालिका बंद पाडली मेल्यांनी!’ एकाच अंकाला चार-चार मुखपृष्ठं काढणं ही त्याच्या मते उघड लूट आहे. त्यातली दोन तो घेतो.

काही जखमा जुन्या आहेत. 1992च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मेला. अंक काळ्या पिशवीत सीलबंद, आत दंडाला बांधायची काळी पट्टीसुद्धा. लाखो प्रती खपल्या. मुलांच्या शिक्षणाची सोय झाली, असं समजून लोकांनी गठ्ठ्याने घेतल्या. सुपरमॅन वर्षश्राद्धाच्या आत परत आला आणि अंकांना रद्दीवाला विचारीना. बुधवारेने नंतर सेकंडहँड घेतलेली प्रत अजून सीलबंद आहे. न वाचलेल्या त्या अंकावर तो पाऊण तास बोलू शकतो.

त्याहून खोल जखम स्पायडरमॅनची. 1987 साली पीटर पार्करचं मेरी जेनशी लग्न लागलं. 2007च्या अखेरीस मे काकू मरणाच्या दारात होती, तर या पठ्ठ्याने सैतानाशी सौदा केला. काकू वाचली, आणि लग्न सगळ्यांच्या आठवणीतून पुसलं गेलं. ‘घटस्फोट दिला असता तरी चाललं असतं रे! कोर्टाची पायरी चढला असता. पण झालंच नव्हतं म्हणता?’ हे सांगताना बुधवारेचा आवाज अजून चढतो. 2018च्या जुलैत बॅटमॅनच्या पन्नासाव्या अंकात कॅटवूमन ऐन मुहूर्ताला बोहल्यावर आलीच नाही. त्यावर त्याचं म्हणणं एवढंच, की पत्रिका छापायच्या आधी मुलीला विचारायला हवं होतं. वर अंक यायच्या आधीच एका मोठ्या दैनिकाने शेवट फोडला. तो राग वेगळा.

बायको एकदा वैतागून म्हणाली, ‘इतकं बेकार असतं, तर आणतोस कशाला?’

‘न वाचता नावं ठेवू? मी काय तसला माणूस आहे?’

तिने कुकरची शिट्टी मोजायला घेतली. माझ्या मते हे उत्तर प्रामाणिक आहे. त्याला अंक आवडायला नकोच असतात. आवडले तर बोलायचं काय? खूष झालेला बुधवारे मी एकदाच पाहिला, आणि तो गप्प बसून होता. घरच्यांनी ताप बघितला.

दुकानदार मात्र त्याला जपतो, कॉफीसुद्धा पाजतो. कारण साधं आहे. या धंद्यात न खपलेले अंक सहसा परत करता येत नाहीत. मागवलेत ना, मग तुमच्याच गळ्यात. त्यामुळे दुकान चालतं ते अशा नावाच्या खोक्यांवर. खूष झालेलं गिऱ्हाईक सिनेमा बघून येतं, एक अंक घेतं आणि गायब होतं. कुरकुरणारं दर आठवड्याला येतं.

तुमच्या ओळखीत असा कुणी असला, तर बुधवारी रात्री फोन करून ‘काय, कसा आहे नवा अंक?’ असं सहज म्हणूनही विचारू नका. विचारणारच असाल, तर आधी जेवून घ्या.