विकणे आहे (पण घाई नाही)

डोंबिवली पूर्वेला स्टेशनातून बाहेर पडावं, फडके रोडनं गणपतीच्या देवळाकडे चालू लागावं आणि मधल्या कुठल्याही गल्लीत वळावं. तिथे एक अण्णा असतात. दुकान कशाचंही असो, स्टेशनरीचं, चष्म्यांचं, नाहीतर शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं; अण्णा तेच. वय अडुसष्ट, शर्टाच्या खिशात चालणारं एक पेन आणि न चालणारी दोन, गल्ल्याच्या वर लक्ष्मी आणि गल्ल्याच्या आत रबरबँडांचा साठा. ओठांवर कायम एक वाक्य: "आता बास झालं. दुकान विकून मोकळं व्हायचं."

हे वाक्य ऐकून कुणी दुकान घ्यायला जाऊ नये. 'या एकदा घरी' या आमंत्रणाचा खरोखर घरी जाण्याशी जेवढा संबंध असतो, तेवढाच या वाक्याचा विकण्याशी असतो. अण्णांचं पंचांग ठरलेलं आहे. गणपती झाले की बघू. गणपती झाले की पितृपक्ष, त्यात व्यवहार नको. दसऱ्याला मुहूर्त चांगला, पण दिवाळीच्या तोंडावर चालता धंदा कोण सोडतो? दिवाळीनंतर लग्नसराई, मग मार्चअखेर, मग पाडवा, मग मे महिन्यात गिऱ्हाईकच गावाला गेलेलं. असं करत पुन्हा गणपती येतात. बाप्पासुद्धा दरवर्षी विचारत असतील, अजून इथेच?

ही जात फक्त डोंबिवलीत नाही. ठाण्यातले अण्णा गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर असतात. ते विकतात ती जागा. आधी चौरस फुटाचा भाव सांगतात; धंदा त्यावर फुकट, साडीवर ब्लाऊजपीस मिळावा तसा. कल्याणचे अण्णा विकतात तो इतिहास. पणजोबांनी पेढी कशी घातली इथून सुरुवात होते आणि चहा येईपर्यंत ते कल्याणच्या प्राचीन बंदरापाशी पोचलेले असतात. डोंबिवलीचे अण्णा मात्र विकतात ते गुडविल.

आमच्या गल्लीतले अण्णा या जातीचा उत्तम नमुना. दुकान घरगुती पदार्थांचं: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, गोडा मसाला, सांडगी मिरची आणि दिवाळीत चकली. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली १९८३ साली. त्याच वर्षी अण्णांनी दुकान घातलं आणि तेव्हापासून ते दोन्हींचा उल्लेख एकाच दमात करतात. मुलगा टोरांटोला. तो फोनवर म्हणतो, "बाबा, बंद करून टाका ना." बंद करणं आणि विकणं यातला फरक मुलाला कळत नाही, याचं अण्णांना दुःख होतं. तो त्यांनाही कळत नव्हता, हे मागाहून कळलं.

मी एकदा किंमत विचारली. "साठ लाख," अण्णा म्हणाले.

"कसे काढले?"

"चाळीस वर्षांचे कष्ट धर. शिवाय गुडविल."

"गुडविल म्हणजे नक्की काय, अण्णा?"

त्यांनी रस्त्याकडे हात केला. "हे बघ." समोरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी नमस्कार केला. "दिवसाला असे ऐंशी होतात."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांनी नमस्कार मोजले नाहीत. तीन वर्षांची रिटर्न्स मागितली. त्यात वर्षाचं उत्पन्न चार लाख दहा हजार. अण्णा गालात हसले आणि गल्ल्याखालून लाल कापडाची लांब चोपडी काढली. "ते सरकारसाठी. खरा धंदा हा."

गृहस्थांनी चष्मा पुसला. "म्हणजे काका, तुम्ही सरकारला कमी सांगताय, की मला जास्त?"

या प्रश्नाला तिसरं उत्तर नव्हतं. गृहस्थ पाव किलो मेतकूट घेऊन गेले.

तेव्हा ठाण्याहून भाचेजावयाला बोलावण्यात आलं. तो सीए. नौपाड्यात ऑफिस, शेजारी एक रिकामा गाळा, 'त्याला भाडेकरू बघा' म्हणून तो सगळ्या नात्यात सांगत फिरत असतो. त्यानं दोन तास वह्या चाळल्या आणि म्हणाला, "मामा, विकायला तीन वर्षं लागतील."

"गिऱ्हाईक मिळायला?"

"नाही. दुकान विकण्याजोगं व्हायला."

अण्णांनी स्वतःच्या लग्नालाही एवढी तयारी केली नव्हती. पण जावयासमोर 'नाही' म्हणायची पद्धत नाही, म्हणून ते "बरं" म्हणाले आणि तिथेच अडकले. जावयानं खरा नफा काढला. वर्षाला अकरा लाख. अण्णांची छाती फुगली. मग त्यानं लाल पेन काढलं.

"यातून तुमचा पगार वजा करू."

"मी मालक आहे. मला कसला पगार?"

"तुमच्या जागी घेणाऱ्यानं माणूस ठेवला तर महिना पंचवीस हजार जातील. वर्षाचे तीन लाख. आणि मामींचे वीस हजार धरू. म्हणजे आणखी दोन लाख चाळीस. उरले पाच लाख साठ हजार. अशा दुकानाला लोक दोन-तीन वर्षांच्या नफ्याएवढी किंमत देतात."

आत काकू पीठ चाळत होत्या. चाळणीचा आवाज थांबला.

"वीस हजार?" काकूंनी आतून विचारलं. "एवढा पगार होता मला?"

"नव्हता, मामी. असायला हवा होता."

चाळणी पुन्हा सुरू झाली. पण लय जरा बदलली होती.

पुढचे महिने अण्णांसाठी पथ्याचे गेले. चोपडी माळ्यावर गेली, सगळी विक्री बिलात येऊ लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा भरलेला जास्तीचा आयकर अण्णांनी देणगी दिल्यासारखा चारचौघांत सांगितला. गल्ल्यावरचा क्यूआर कोड मुलाच्या जुन्या खात्याचा निघाला. डोंबिवलीच्या भाजणीचे पैसे दोन वर्षं टोरांटोच्या बाळाच्या नावे जमा होत होते. उधारीच्या वहीत एक लाख चाळीस हजारांची येणी होती. त्यातल्या मोठ्या तिघांपैकी दोघे वारलेले आणि एक पुण्याला राहायला गेलेला. वसुलीच्या दृष्टीनं अण्णा तिघांना एकाच रकान्यात धरत.

कागदपत्रांच्या बाबतीत अण्णांना वाटत होतं, चावी दिली की झालं. जावयानं सांगितलं, जीएसटीचा नंबर तुमच्या पॅनला चिकटलेला आहे, तो देता येत नाही. घेणारा स्वतःचा काढेल. अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबरही तुमच्या नावाचा, तोही त्यानं नवा काढायचा. गुमास्त्याची काळजी नको. २०१७च्या कायद्यानं एवढ्या लहान दुकानाला नुसती सूचना पुरते. आणि दुकानाचं नाव?

"सगळ्या गावाला माहीत आहे," अण्णा म्हणाले.

"ट्रेडमार्कच्या ऑफिसला नाही." अर्ज गेला. मंजूर झाला की नाव दहा वर्षं आपलं.

"मग मी विकायचं तरी काय?" अण्णांनी हताश होऊन विचारलं. "जागा पागडीची, नंबर माझे, उधारी कुणी घेणार नाही."

पागडीचं प्रकरणही सोपं नव्हतं. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं पागडी उघडपणे घेता-देता येऊ लागली खरी, पण घरमालकाच्या संमतीशिवाय पान हलत नाही. घरमालकांनी संमतीची किंमत एक तृतीयांश सांगितली. अण्णांनी त्यांना चाळीस वर्षं फुकट दिलेल्या चकल्या मोजून दाखवल्या. घासाघीस होऊन आकडा पाव हिश्शावर आला.

सगळ्यात कठीण पथ्य दुपारचं होतं. एक ते साडेचार दुकान बंद ठेवून झोपायचं, हा अण्णांचा जन्मसिद्ध हक्क. जावई म्हणाला, "भाडं झोपत नाही, मामा." तेव्हा दुकानातल्या मुलीकडे चावी आली आणि दुपारी शटर उघडं राहिलं. अण्णा घरी पडून छताकडे बघत शटरचा आवाज ऐकत.

मग आली परीक्षा. पंधरा दिवस दुकानात पाऊल टाकायचं नाही. अण्णा ज्येष्ठ नागरिक संघाच्या बसनं नरसोबाची वाडी, कोल्हापूर, गाणगापूर करून आले. काकूंना नेलं नाही. भाजणी कोण करणार? पहिल्या दिवशी त्यांनी दुकानात एकवीस फोन केले. तिसऱ्या दिवशी मुलीनं फोन सायलेंटवर टाकला. परत आल्यावर अण्णांनी धडधडत्या छातीनं हिशेब बघितला. विक्री वाढली होती.

दोन दिवस ते जेवले नाहीत. "माझ्यावाचून चाललं," एवढंच म्हणत.

"अभिनंदन, मामा!" जावई ठाण्याहून ओरडला. "तुमच्यावाचून चालतं, म्हणूनच किंमत येणार. चाललं नसतं, तर घेणाऱ्याला दुकानाबरोबर तुम्हालाही घ्यावं लागलं असतं. आणि तुमचं वय बघता…"

पण धंद्याची खरी परीक्षा कुणी लावली नव्हती. ती आपोआप झाली. लेकीच्या बाळंतपणाला काकू आठ दिवस पुण्याला गेल्या. अण्णा म्हणाले, चाळीस वर्षं बघतोय, भाजणी मी भाजतो. चौथ्या दिवशी टिळकनगरातून तीन पुडे परत आले. थालीपीठ तव्याला असं धरून बसलं होतं, जणू त्याचीही पागडीच होती.

काकू परतल्या तेव्हा जावई इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन हजर. "मामी, कृती कागदावर हवी."

"त्यात काय लिहायचं? बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद. सगळं वेगवेगळं भाजायचं. धने एक मूठ."

मूठ काट्यावर ठेवली गेली. काकूंची मूठ अडतीस ग्रॅम, अण्णांची बावन्न. चार दिवसांचं कोडं तिथेच सुटलं.

"आणि किती वेळ भाजायचं?"

"वास येईपर्यंत."

जावयानं घड्याळ लावलं आणि लिहिलं: बाजरी, अकरा मिनिटं. पुढे कंसात: मामींना विचारणे. अशा सतरा कृती लिहून झाल्या. कंस एकही सुटला नाही.

तिसऱ्या वर्षी कल्याणहून खडकपाड्याचा एक तरुण आला. फरसाणाची तीन दुकानं, बोलणं कमी. त्यानं रिटर्न्स बघितली, बिलं बघितली, पाव किलो भाजणी घरी नेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. अण्णा गुडविलबद्दल सांगू लागले. इतक्यात एका गृहस्थांनी नमस्कारही केला, अगदी वेळेवर. तरुणानं तिकडे पाहिलंच नाही.

"काका, ही भाजणी कोण करतं?"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

दुकानाचे सतरा लाख ठरले. अण्णांचे साठ लाख कधीचे निवर्तले होते, सुतकही फिटलं होतं. पण तरुण उठला नाही. "आणखी पाच लाख काकूंना. कृतींचे आणि तीन महिने माझ्या माणसांना शिकवण्याचे. वेगळा चेक, त्यांच्या नावावर."

"एकाच चेकमध्ये चालेल की," अण्णा म्हणाले.

"नाही चालणार," काकू म्हणाल्या. एवढं स्पष्ट वाक्य त्या दुकानात काकूंच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

करारनामा ठाण्याला जावयाच्या ऑफिसात झाला. मी साक्षीदार. जावई मोठ्यानं एकेक कलम वाचत होता आणि अण्णा प्रत्येकाला मान हलवत होते. शेवटी आलं ते बंधन: विकणाऱ्यांनी तीन वर्षं हाच धंदा करायचा नाही.

"हे कसं चालेल?" अण्णा उसळले. "धंदा करायला बंदी? स्वतंत्र भारतात?"

"एरवी अशी बंदी चालत नाही, मामा. १८७२च्या करार कायद्याचं सत्ताविसावं कलम तेच सांगतं. पण गुडविल विकणाऱ्यावर ठरावीक हद्दीपुरती घालता येते."

म्हणजे गुडविल हा शब्द कायद्यात खरोखर होता. अण्णांच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत प्रथमच समाधान दिसलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं. पहिली दोन चालली नाहीत. तिसऱ्यानं सही झाली.

काकूंनी मात्र कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि बोट ठेवत सावकाश वाचलं.

"शेजाऱ्यांना दिवाळीची चकली दिली तर?"

"देणं चालतं, मामी. विकायची नाही."

"आणि हद्द कुठली म्हणालात?"

"कल्याण-डोंबिवली महानगरपालिका. तेवढीच."

काकूंनी सही केली. गोल, नीट, पूर्ण नावाची. कल्याणचा तरुण पेढे वाटायला उठला, अण्णा सतरावर किती शून्यं येतात ते बोटांवर मोजू लागले. काकूंनी पेनला टोपण लावलं, चेक पर्समध्ये ठेवला, खिडकीतून बाहेर नजर टाकली आणि अगदी सहज विचारलं:

"जावईबापू, तुमच्या शेजारचा तो गाळा अजून रिकामाच आहे का हो?"